डायरीवर सही मागायला येण्याआधी

दर एप्रिलमध्ये माझ्या वकिलीच्या ऑफिसात लॉच्या विद्यार्थ्यांची एक रांग लागते. पांढरा शर्ट, काळा टाय, हातात इंटर्नशिप डायरी आणि तोंडी एकच वाक्य, "मॅडम, बस साइन कर दीजिए." मराठी घरची मुलं असली की लाडीगोडी जरा जास्त, "ताई, तुम्ही रामबागेतल्याच ना? आमची आजी ओळखते तुम्हाला." डायरी उघडली की आत दोन खटल्यांचं निरीक्षण लिहिलेलं असतं. मागच्या खेपेला तीन डायऱ्यांत तोच दिवाणी दावा, त्याच तारखा, आणि वादीच्या आडनावात तिघांचीही तीच चूक. एक तारीख तर रविवारची निघाली.

मी सही केली नाही. आजीचा फोन आला, तरीही नाही.

यंदा माझी भाची लॉच्या तिसऱ्या वर्षाला गेली. ती म्हणाली, "आत्या, नुसती ओरडतेस सगळ्यांवर. नक्की काय करायचं, कुठे जायचं, ते एकदा लिहून दे." म्हणून हे लिहिते आहे. मी इंदूरच्या जिल्हा कोर्टात वकिली करते, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. नियम मात्र ग्वाल्हेरला आणि बडोद्यालाही हेच.

प्रत्यक्ष काम करून कायदा शिकण्याला 'क्लिनिकल' शिक्षण म्हणतात. हा शब्द आपण डॉक्टरांकडून उसना घेतलाय. एमवाय हॉस्पिटलात एमबीबीएसची पोरं वर्षभर रोग्यांमध्ये राबतात, त्याशिवाय त्यांच्या हाती डॉक्टरकी येत नाही. आपल्याकडे पदवीनंतर तशी सक्ती नाही. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलनं १९९५ साली सनदेआधी, म्हणजे वकिलीचा परवाना मिळण्याआधी, वर्षभर उमेदवारीचा नियम केला होता. सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये तो रद्द ठरवला. आता ऑल इंडिया बार एक्झाम आहे, पण ती लेखी. म्हणजे सोमवारी सनद हातात पडली तर मंगळवारी तुम्ही कुणाचा तरी जामीनअर्ज घेऊन न्यायाधीशांसमोर उभे राहू शकता आणि तुम्हाला कुणी अडवणार नाही. तो माणूस आत राहतो की बाहेर येतो, हे तुमच्या हातात. शिकायचं ते कॉलेजच्या वर्षांतच शिकून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

नियमांत काय आहे ते भराभर सांगते. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे चार क्लिनिकल पेपर सक्तीचे आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट (लुटुपुटीच्या खटल्यातला युक्तिवाद)-इंटर्नशिप. शेवटच्या पेपरात मूटला ३० मार्क, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३० (एक दिवाणी, एक फौजदारी), अशिलाच्या मुलाखती आणि कोर्टाचे कागद तयार होताना पाहून लिहिलेल्या डायरीला ३०, आणि तोंडीला १०. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. आणि एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि एकदा अपिलाच्या कोर्टातल्या वकिलाकडे बसलेलं असायला हवं.

मूटसाठी मुलं महिनाभर झोप सोडतात, नवा कोट शिवतात. खटल्याचं निरीक्षण मात्र हॉस्टेलच्या खोलीत बसून 'उरकतात'. मार्क दोन्हीला सारखेच.

आता काय करता येत नाही तेही ऐका. अमेरिकेत लॉचे विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली अशिलाच्या वतीनं कोर्टात उभे राहू शकतात, तिथल्या लॉ स्कूलांची क्लिनिकं त्यावरच चालतात. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार कोर्टात वकिली सनदधारकानंच करायची. सनदेशिवाय केली तर कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद लिहून ठेवली आहे. "आमचे सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुकारा थोडा उशिरा घ्याल का?" असा निरोप रीडरला, म्हणजे न्यायाधीशांजवळ बसणाऱ्या कारकुनाला, देणं वेगळं आणि 'युअर ऑनर' म्हणून स्वतः उभं राहणं वेगळं. एखादे वकीलसाहेब घाईत "जा रे, तू तारीख घेऊन ये" म्हणतील. हसून नाही म्हणा. पांढरा बँड आणि गाऊनही सनदेनंतरच. तोवर काळा टाय, काळा कोट, पांढरा शर्ट. कोट नसेल तर पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट खोचून आणि बंद बूट घालून चालतं, नियमातच तशी सोय आहे. कर्ज काढून कोट शिवू नका.

मग जायचं कुठे?

पहिलं ठिकाण तुमच्याच कॉलेजात असतं : लीगल एड क्लिनिक, म्हणजे फुकट कायदेशीर मदतीचं केंद्र. प्रत्येक लॉ कॉलेजनं ते चालवावं आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ते सांभाळावं, असा नियम आहे. चालू क्लिनिक आणि नुसती पाटी यांतला फरक ओळखायचा असेल तर तिथलं रजिस्टर मागा. मागच्या महिन्यात किती माणसं आली, कुठल्या कामासाठी आली, पुढे काय झालं? मी शिकत होते तेव्हा आमच्या क्लिनिकच्या खोलीत कॅरम ठेवलेला असायचा आणि किल्ली शिपाईकाकांकडे. आम्ही चौघांनी सरांच्या मागे लागून ती शनिवारी दुपारी उघडायला लावली. पहिले तीन शनिवार कुणी फिरकलं नाही. चौथ्या शनिवारी शिपाईकाकांचीच बहीण आली, राशनकार्डातलं नाव दुरुस्त करायला. ते काम झालं आणि मग तिच्या गल्लीतल्या सात बायका आल्या. क्लिनिकची जाहिरात अशीच होते.

दुसरं ठिकाण म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोर्टात चौकशी केली की कार्यालय कुणीही दाखवतं. कॉलेजचं पत्र घेऊन तिथल्या सचिवांना भेटा. ते स्वतः न्यायिक अधिकारी असतात, तेव्हा वेळ विचारून जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आधी पाठ करून जा, कारण दारात पहिला प्रश्न तोच असतो की फुकट वकील कुणाला मिळतो. बाई असेल किंवा मूल असेल तर मिळकत न बघता मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला, कोठडीतल्या कैद्यालाही मिळतो. बाकीच्यांना मिळकतीची मर्यादा आहे. आपल्या मराठी घरांत अजून समज असा की फुकटचा वकील म्हणजे अगदी भिकेला लागलेल्यांसाठी. सुदामानगरातल्या, तीन मजली घरात राहणाऱ्या पण हातात दमडी नसलेल्या सुनेलाही तो हक्क आहे, हे तिला सांगणारं कुणी तरी हवं. ते तुम्ही व्हा. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे, तो पाठ असू द्या.

प्राधिकरणाकडूनच तुम्हाला पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे वकील नसतानाही लोकांना कायद्याची मदत करणारा स्वयंसेवक, होता येतं. लॉचे विद्यार्थी सनद घेईपर्यंत त्यासाठी पात्र असतात. आधी थोडं प्रशिक्षण देतात, मग वस्ती, जेल, पोलीस ठाणं, लोकअदालत अशा ठिकाणी काम देतात. माझ्या मते अख्ख्या पाच वर्षांत एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. लोकअदालतीच्या दिवशी बँका, विजेची बिलं, अपघाताचे दावे यांची टेबलं लागतात. एका टेबलाजवळ दिवसभर उभं राहा. वाटाघाटी कशा होतात, 'एवढ्यावर मिटवा' हे वाक्य कोण कधी बोलतं, आणि गरीब माणूस कुठल्या क्षणी दबून हो म्हणतो, हे तिथे दिसतं. आणि ते बघायलाच हवं, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. कोर्ट फी परत मिळते ही जमेची बाजू.

तिसरं ठिकाण म्हणजे वकिलाचं ऑफिस. इथे बहुतेकांची चूक अशी की एमजी रोडवरच्या हायकोर्टाची पायरी आधी चढायची. नाव मोठं दिसतं, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तिथल्या युक्तिवादातलं फारसं कळत नाही. तिथे जे कागद पोचतात ते खालच्या कोर्टात जन्मलेले असतात. जन्म पाहा आधी. १९७८ च्या एप्रिलमध्ये शाहबानो यांनी पोटगीचा अर्ज याच इंदूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात केला होता, महिना ५०० रुपये मागून. मॅजिस्ट्रेटनं मंजूर केले २५. हायकोर्टानं १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर देशभर काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे. पाठ्यपुस्तकात त्याचं प्रकरण होतं, पण सुरुवात एका बाईच्या चार ओळींच्या हिशेबापासून झाली होती. तसल्या पोटगीच्या अर्जांची चळत आजही खालच्या कोर्टांत असते. फक्त जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाच्या जागी आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे.

वकिलाकडे जाताना ईमेल पाठवून वाट बघत बसू नका. आमच्यातल्या निम्म्यांची ईमेल मुन्शीजी, म्हणजे वकिलाचे कारकून, उघडतात, आणि मुन्शीजींना 'डिअर सर, आय ॲम अ पॅशनेट लॉ स्टुडंट' याचं काही कौतुक नसतं. संध्याकाळी साडेपाचनंतर ऑफिसात या. पाच मिनिटांत सांगा : कितव्या वर्षाला आहात, किती आठवडे आहेत, काय पाहायचंय. "मला काहीही चालेल" असं म्हणू नका. काहीही म्हटलं की झेरॉक्सच मिळते. मी स्वतः एका नामांकित ऑफिसात चार आठवडे फक्त झेरॉक्सच्या दुकानात फेऱ्या मारल्या आणि सुरेख बॉन्ड पेपरवर 'एक्सलंट रिसर्च स्किल्स' असं सर्टिफिकेट घेऊन आले. त्यापेक्षा "मला एक पोटगीचा अर्ज पहिल्या भेटीपासून दाखल होईपर्यंत पाहायचाय" असं म्हटलंत तर वकिलालाही कळतं की हिला कुठे बसवायचं. आणि मे-जूनमध्ये येऊ नका. हायकोर्टाला सुट्टी असते, आम्हीही गावाला जातो, आणि नेमक्या तेव्हाच सगळी कॉलेजं मुलं सोडतात.

पहिल्या आठवड्यात वकिलापेक्षा मुन्शीजींजवळ जास्त बसा. हे मी थट्टेनं म्हणत नाही. तलवाना (समन्स बजावण्याची फी) कधी भरायचा, तिकिटं कुठे लावायची, वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) सही कुठे, कागद कुठल्या क्रमानं नत्थी करायचे, नकलेचा अर्ज कसा द्यायचा, ही विद्या कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या मुन्शीजींनी माझा पहिला दावा दाखल होण्याआधी नुसत्या बोटानं चाळून परत दिला होता. सत्यापनाखाली, म्हणजे 'वरचा मजकूर खरा आहे' या ओळीखाली, मी तारीख लिहिली होती, ठिकाण नव्हतं. "बिटिया, इंदौर लिखो," एवढंच म्हणाले.

आता मुलाखत. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि माझाही झाला होता.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. क्लिनिकमध्ये एक काकू आल्या, लोकमान्यनगरच्या. भंवरकुआंला मुलांची हॉस्टेलं आहेत ना, तिथल्या एका मेसवाल्याला त्या पोळ्या आणि भाजी करून द्यायच्या. सात महिन्यांचे मिळून ३८ हजार रुपये थकले होते. त्यानं चेक दिला, तो परत आला. काकूंच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. मी मोठ्या उत्साहानं अडीच पानं लिहून काढली. यजमान कधी वारले, मुलगा पुण्याला का गेला, मेसवाला काय काय बोलला, सगळं. शेवटी न वटलेल्या चेकचं १३८ कलमही अख्खं उतरवलं. काकू खूश, मी खूश. त्या घरी गेल्या.

सरांनी पानं वाचली आणि एकच विचारलं, "बँकेचा मेमो हिच्या हातात कधी पडला?"

मी चेकची तारीख लिहिली होती. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली होती. मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, मी पाहिलाच नव्हता. तो पासबुकात घडी करून ठेवलेला होता आणि काकूंनी तो काढला नाही, कारण मी मागितला नाही. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. पहिली पायरी चुकली की पुढचा सगळा जिना कोसळतो. काकूंकडे मोबाइल नव्हता. मी टेंपोत बसून संध्याकाळी लोकमान्यनगर गाठलं, तीन जिने चुकून चौथ्यावर त्यांचं घर सापडलं. मेमो पाहिला. सव्विसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांनी नोटिशीवर सही केली आणि मी जीपीओत जाऊन ती रजिस्टर्ड पोस्टानं टाकली. ती पावती मी इतकी घट्ट धरून आणली की शाई बोटाला लागली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही मी तोच शिकवते. पहिली पाच-सात मिनिटं पेन खाली. माणसाला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका, 'म्हणजे ४९८ ना?' (सासरच्या छळाचं जुनं कलम) असं तर बिलकुल विचारू नका. मग म्हणा, "तुमच्याकडचे सगळे कागद टेबलावर ठेवता का? घडी केलेलेसुद्धा." एकेक उघडा, पाठची बाजूही पाहा, लिफाफा असला तर त्यावरचा पोस्टाचा शिक्का पाहा. त्यानंतर तारखा. लोकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. "गणपती बसायच्या आधी की नंतर?", "रंगपंचमीची गेर निघाली त्या दिवशी का?" असं विचारलं की इंदूरच्या माणसाला बरोबर आठवतं, मग कॅलेंडरवरून तारीख काढा. सगळं झालं की लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवताना दर वेळी एक तरी गोष्ट दुरुस्त होते.

आणि सगळ्यात शेवटी विचारा, "तुम्हाला नक्की काय हवंय?" हा प्रश्न आधी विचारलात तर राग बाहेर येतो, शेवटी विचारलात तर खरी मागणी.

आपल्या मराठी मुलांचा इथे एक उपयोग आहे, जो पदवीत लिहून मिळत नाही. इथल्या खालच्या कोर्टांचं कामकाज हिंदीत चालतं. हायकोर्टातही १९७१ पासून हिंदीला परवानगी आहे. आमच्या म्हाताऱ्या मात्र मनातलं मराठीतच बोलतात. एकदा क्लिनिकमध्ये एक आजी आल्या, मुलानं घरातून काढल्याची तक्रार घेऊन. समोरचा मुलगा हुशार, मन लावून ऐकणारा, पण हिंदीभाषी. आजी म्हणाल्या, "शिक्षा नको हो त्याला, फक्त मला माझी खोली द्या." त्यानं लिहिलं : माताजी नहीं चाहतीं कि उनके पुत्र को शिक्षा मिले. पुत्र तेव्हा बावन्न वर्षांचा होता, विजेच्या खात्यातून रिटायर व्हायला आलेला, शिक्षण कधीच उरकलेलं. पुढे आजींनी 'यजमान' म्हटलं, त्याचं त्यानं 'मेज़बान' केलं, आणि आजींच्या घरी कोण पाहुणचार करत होतं हे कळेना. हसू येतं खरं, पण हाच कागद पुढे शपथपत्र झाला असता. तेव्हा अशिलाचे शब्द आधी तसेच्या तसे मराठीत लिहून घ्या, हिंदी नंतर करा आणि दोन्ही पानं जपून ठेवा.

त्या आजींचं काम कोर्टात न्यावंच लागलं नाही. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, त्याचं न्यायाधिकरण एसडीएमकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे, असतं. अर्ज साधा असतो, मूळ कायद्यात तर पक्षकारांनी वकील देऊ नये असंच कलम आहे. म्हणजे विद्यार्थ्यानं बसून अर्ज नीट लिहून देण्यासाठी याहून योग्य जागा नाही. आजी स्वतः बोलतात, कागद तुम्ही तयार करता, सरांची नजर त्यावरून फिरते. मसुदालेखनाच्या पेपरात १५ दावे-अर्ज आणि १५ दस्त लिहायचे असतात. त्यांतले पाच-सहा तरी असे खऱ्या माणसांसाठी लिहिलेले असू देत, नावं बदलून. बाकीचे गाइडमधून उतरवलेत तरी मी कुणाला सांगणार नाही.

खटल्याचं निरीक्षण करायचं तर खटला निवडायला शिका. कुठल्याही कोर्टात जाऊन बसलात तर दिवसभर 'अगली पेशी' (पुढची तारीख) ऐकू येईल. पुराव्याच्या टप्प्यावर आलेला खटला हवा. ईकोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा खुणांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. नंबर वकिलाकडून घ्या. दिवाणी दाव्यात सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं विचारणं) बहुतेक शपथपत्रावरच येतो, तेव्हा तुम्हाला ऐकायला मिळते ती उलटतपासणीच. ते शपथपत्र आधी वाचलेलं नसेल तर उलटतपासणी डोक्यावरून जाते. फौजदारीत साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून दोन्ही सांगतो, म्हणून नवख्यानं फौजदारीपासून सुरुवात करावी. शब्दही जुळवून घ्या : आपला सरतपास म्हणजे इथलं मुख्य परीक्षण, उलटतपास म्हणजे प्रतिपरीक्षण, आणि फितूर साक्षीदाराला इथे 'पक्षद्रोही' म्हणतात. कागदावर 'अ.सा.-१' दिसलं तर तो अभियोजनाचा पहिला साक्षीदार. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधीचे खटले जुन्याच कायद्यानं पुढे चालले आहेत, म्हणून फाइलीवर कुठलं कलम आहे ते आधी पाहा आणि डायरीत जुन्या आणि नव्या कलमाचे दोन्ही आकडे लिहा.

काही दारं बंद असतात आणि ती असावीतच. बलात्काराचे, पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे) खटले बंद खोलीत चालतात, नवरा-बायकोच्या खटल्यांतही तेच. तिथून उठायला सांगितलं तर निमूट उठा. उघड्या कोर्टात बसलात तर फोन बंद करून मागच्या बाकावर बसा. न्यायाधीश येताना-जाताना उभे राहा. रीडरशी एकदा ओळख करून घ्या, रोज दिसणारं पोर तिसऱ्या दिवशी त्यांना आठवतं.

डायरीत काय लिहायचं, यावर भाचीशी माझा वाद झाला. तिच्या मैत्रिणी लिहितात : 'आज साक्षीदाराची साक्ष झाली. न्यायालयाचे कामकाज पाहून खूप शिकायला मिळाले.' मला ते नको. साक्षीदारानं जप्तीच्या पंचनाम्यावरची सही आपली म्हणून ओळखली, पण सही कुठे केली विचारल्यावर जप्तीच्या जागेऐवजी 'ठाण्यात' म्हणाला, आणि सरकारी वकिलांनी लगेच कागद खाली ठेवला. असं एक वाक्य हवं. साक्षीदार आलाच नाही आणि तारीख पडली, तर तेही लिहा : कितवी तारीख, कुणामुळे, आरोपी कुठून किती भाडं खर्चून आला होता.

नावं मात्र लिहू नका. अशिलानं वकिलाला सांगितलेलं गुप्त असतं, आणि साक्ष अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम १३२ मध्ये ते बंधन वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातलंय. त्यात विद्यार्थी हा शब्द नाही, म्हणून आपल्याला सूट आहे असं समजणारे महाभाग मी पाहिलेत. क्लिनिकमध्ये एका मुलीनं अशील बाईंसोबतचा सेल्फी स्टेटसला ठेवला होता, खाली 'सर्व्हिंग जस्टिस'. बाईंच्या दिराच्या फोनमध्ये तो अर्ध्या तासात पोचला. पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत, त्यापुढच्याही नाही.

घरबसल्या मिळणाऱ्या, पैसे भरून सर्टिफिकेट देणाऱ्या 'व्हर्च्युअल इंटर्नशिप'बद्दल विचारू नका. त्या पैशांत छप्पन दुकानला, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, जाऊन खा.

भाची पुढच्या महिन्यापासून इंटर्नशिपला बसणार आहे, पण माझ्याकडे नाही. घरातल्या घरात सही सोपी होते, म्हणून तिला मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे पाठवते आहे. तुमच्यातल्या कुणाला माझ्याकडे यायचं असेल तर पावसाळ्यानंतर या, एका वेळी दोघांना घेते. रफ वही आणा, चांगली डायरी घरी ठेवा. सकाळी दहाच्या आधी पोचा, नंतर कोर्टाबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि आलात की आधी मुन्शीजींना भेटा, त्यांचा चहा अकराला असतो.